हा खड्डा कोणाच्या हद्दीतला?

वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या टपालात रस्त्यांविषयीची पत्रे वाढतात. पूर्वी या पत्रांत खड्ड्यांचे वर्णन अधिक असे. अलीकडे मात्र तक्रार घेऊन जायचे कोणाच्या दारी, हेच वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचे पाऊल पडत नाही, म्हणून या अंकात इतर विषय बाजूला ठेवून रस्त्यांचीच चार पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ज्या कार्यालयांबद्दल गाऱ्हाणे आहे त्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावापासून तालुक्याच्या गावाला जाणारा सात किलोमीटरचा डांबरी रस्ता गेली दोन वर्षे उखडलेला आहे. ग्रामपंचायतीत विचारले तर रस्ता जिल्हा परिषदेचा आहे असे सांगतात. जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागात गेलो तेव्हा रस्त्याची दर्जोन्नती होऊन तो सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेल्याचे उत्तर मिळाले, आणि त्या विभागात गेल्यावर रस्ता अद्याप आमच्या ताब्यात आलेला नाही असे ऐकावे लागले. रस्त्याच्या तोंडाशी आमदार निधीची कोनशिला आहे आणि तीन किलोमीटरवर ग्रामसडक योजनेचा फलक आहे. गेल्या पावसाळ्यापासून गावात मुक्कामी गाडी येत नाही, त्यामुळे दहावीची मुले पहाटे पायी निघतात. आम्ही आता कोणाकडे जावे?
(एक शेतकरी, मराठवाडा)

उत्तर : आपल्याला मिळालेली तीनही उत्तरे आपापल्या परीने खरी असू शकतात, आणि आपल्या रस्त्याचे दुखणे नेमके तेथेच आहे. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गांच्या खाली प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असा उतरता क्रम आहे. यांपैकी प्रमुख जिल्हा मार्गापर्यंतचे रस्ते राज्य शासनाचा सार्वजनिक बांधकाम विभाग सांभाळतो, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. गावठाणातील गल्ल्या व अंतर्गत रस्ते ग्रामपंचायतीचे असतात. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाला जोडलेल्या ग्रामसूचीत सार्वजनिक रस्त्यांची बांधणी व देखभाल ही कामे दिलेली आहेत. वर्गवारीतील प्रत्येक रस्त्याला दर्जाबरोबर क्रमांकही असतो आणि अभियंते आपसांत बोलताना त्याच नावाने रस्ता ओळखतात, जसे की प्रजिमा 23, इजिमा 112 किंवा ग्रामा 45. आपण ज्याला तालुक्याचा रस्ता म्हणता त्याला कार्यालयात त्या नावाने कोणी ओळखत नाही, आणि क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात राहतो.

कोनशिलेने आपला गोंधळ वाढवला असावा. आमदार निधी, खासदार निधी, ग्रामविकास विभागाच्या 2515 या लेखाशीर्षाखालील (म्हणजे सरकारी हिशेबातील खर्चाच्या सदराखालील) कामे, जिल्हा नियोजन समितीचा निधी अशा अनेक वाटांनी रस्त्यावर पैसा येतो, आणि तो कोणाच्या प्रयत्नाने आला एवढेच कोनशिला सांगते. रस्ता ज्या कार्यालयाच्या नोंदवहीत आहे त्याचाच राहतो, मग त्यावर डांबर कोणत्याही निधीतून पडलेले असो. ग्रामसडक योजनेच्या फलकाचे मात्र वेगळे आहे आणि तो आपण शब्दशः उतरवून घ्यावा. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधणीच्या करारातच पुढील पाच वर्षांची नियमित देखभाल त्याच ठेकेदाराकडे दिलेली असते, आणि 2015 मध्ये राज्याने सुरू केलेल्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेतही तशी तरतूद आहे. फलकावर काम पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदाराचे नाव आणि देखभालीची रक्कम लिहिलेली असते. त्या तारखेला पाच वर्षे झालेली नसतील तर फलकापासून पुढच्या लांबीतील खड्डे बुजवणे हे ठेकेदाराचे आणि ते त्याच्याकडून करवून घेणे हे योजनेच्या कार्यकारी अभियंत्याचे काम आहे. तेथे दर्जोन्नतीचा वाद आड येण्याचे कारण नाही. पाच वर्षे उलटली असतील तर देखभाल रस्त्याच्या दर्जाप्रमाणे ज्या यंत्रणेकडे येते तिच्याकडे, बहुधा जिल्हा परिषदेकडे, गेलेली असते.

इतर निधीतून झालेल्या कामांनाही असाच एक हमीचा काळ असतो. त्याला दोषदायित्व कालावधी म्हणतात. तो कामाच्या प्रकाराप्रमाणे कमीअधिक असतो व निविदेत लिहिलेला असतो, आणि त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने नीट करून द्यायचा असतो. हमीच्या काळात उखडलेल्या रस्त्यावर पुन्हा सरकारी पैशातून पॅचवर्क झाले तर लोकांनी एकाच कामाचे दोनदा पैसे दिल्यासारखे होते, म्हणून हा काळ कधी संपतो हे गावाला ठाऊक असलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आता दर्जोन्नतीकडे वळू. एखादा इतर जिल्हा मार्ग प्रमुख जिल्हा मार्ग म्हणून घोषित करण्याचा शासन निर्णय निघतो, गावात त्याची बातमी होते, पण प्रत्यक्ष हस्तांतरण ही नंतरची पायरी असते. दोन्ही खात्यांच्या अभियंत्यांनी रस्त्याची पाहणी करून, कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत, कोणत्या मोऱ्या व पुलांसह तो दिला आणि घेतला, याचे पत्र झाले म्हणजे ती पुरी होते. शासन निर्णयाची तारीख आणि हस्तांतरणाची तारीख यांच्या मधल्या काळात जुने खाते रस्ता गेला म्हणून खर्च करत नाही आणि नवे खाते रस्ता आला नाही म्हणून अंदाजपत्रक करत नाही. महाराष्ट्रातील कितीतरी रस्ते या मधल्या काळात मेले आहेत. काही राज्य महामार्ग राष्ट्रीय महामार्ग म्हणून तत्त्वतः मान्य झाले तेव्हाही हेच घडले. वास्तविक 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमातील कलम 2 प्रमाणे राजपत्रात अधिसूचना निघाल्याशिवाय कोणताही रस्ता राष्ट्रीय महामार्ग होत नाही आणि तोवर राज्याची जबाबदारी सुटत नाही. आपल्या रस्त्यालाही हाच न्याय लावावा. जोपर्यंत हस्तांतरणाचे पत्र समोर येत नाही, तोपर्यंत ज्याच्या ताब्यात रस्ता होता त्याचीच जबाबदारी धरून चालावे आणि अर्जात तसे स्पष्ट लिहावे.

हे शोधायचे कसे, हा आपला खरा प्रश्न आहे. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड थोडी मदत करतात. पिवळ्या माथ्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा व हिरव्या माथ्याचा राज्य महामार्गाचा असतो, ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर नारिंगी माथा दिसतो. परंतु दर्जा बदलल्यावर दगड रंगवायला कोणी येत नाही आणि 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले तरी जुने आकडे बरीच वर्षे तसेच राहिले, तेव्हा दगडावर विसंबू नये. राज्य शासनाने 26 नोव्हेंबर 2018 रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालये व स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. गावातील दोघातिघांनी मिळून जावे, आपल्या तालुक्यातील रस्त्यांची यादी व नकाशा मागावा आणि रस्त्याचा क्रमांक व लांबी टिपून घ्यावी. तेथे नकार मिळाला किंवा उत्तर गोलमोल आले, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा.

या अर्जाचा रस्त्याच्या कामी होणारा एक उपयोग फारच थोड्या लोकांच्या ध्यानात येतो. 2005 च्या माहिती अधिकार अधिनियमातील कलम 6(3) प्रमाणे मागितलेली माहिती आपल्याकडे नसून दुसऱ्या प्राधिकरणाकडे आहे असे अधिकाऱ्याला वाटले, तर तो अर्ज त्याने पाच दिवसांच्या आत त्या प्राधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तसे अर्जदाराला कळवायचे असते. म्हणजे जो अधिकारी तोंडी "आमचा नाही" एवढेच म्हणून मोकळा होतो, त्याला लेखी उत्तर देताना कोणाचा ते सांगावे लागते. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क 10 रुपये आहे, तेवढ्याचा न्यायालय फी मुद्रांक चालतो, आणि अर्ज एका विषयापुरता व 150 शब्दांच्या आत ठेवावा लागतो. अर्जात रस्ता दोन्ही टोकांच्या गावांच्या नावाने लिहून त्याचा दर्जा व क्रमांक, दर्जोन्नतीच्या शासन निर्णयाची व हस्तांतरण पत्राची प्रत, शेवटच्या कामाचा कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोषदायित्व कालावधीची अखेरची तारीख आणि गेल्या तीन वर्षांत 3054 या लेखाशीर्षाखाली त्या रस्त्यावर झालेला खर्च एवढेच मागावे. रस्ता दुरुस्त का केला नाही, असा प्रश्न त्या अर्जात घालू नये. कारण विचारले की माहिती उपलब्ध नाही असे उत्तर देणे सोपे जाते, कागद मागितला की तो द्यावा लागतो किंवा नाही म्हणून लिहून द्यावे लागते. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. एकच अर्ज जिल्हा परिषदेच्या कार्यकारी अभियंत्यांच्या कार्यालयात आणि दुसरा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कार्यालयात एकाच दिवशी द्यावा, म्हणजे दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचता येतील.

ही उत्तरे हाती आली की ग्रामसभेचा ठराव, खड्ड्यांची तारीख असलेली छायाचित्रे आणि त्या प्रती जोडून जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरणाऱ्या लोकशाही दिनाकडे अर्ज न्यावा. जिल्ह्याची दोन्ही बांधकाम खाती तेथे जिल्हाधिकाऱ्यांसमोर असतात आणि एकमेकांकडे बोट दाखवणे तेथे कठीण होते. हस्तांतरण अडलेले असेल तर ते अमुक तारखेपर्यंत पुरे करावे आणि तोवर किमान खडी व डांबराने रस्ता वाहतुकीयोग्य ठेवावा, अशा दोन मागण्या स्वतंत्र लिहाव्यात. नुसता मुरूम टाकून घेण्यास संमती देऊ नये. पहिल्या सरीत तो वाहून जातो आणि कागदावर दुरुस्ती झाल्याची नोंद मात्र राहते. साईडपट्ट्या भरून रस्त्यापेक्षा उंच झाल्या असतील तर त्या खरवडून पाण्याला वाट करून देण्याची मागणीही अवश्य करावी, कारण डांबराखाली पाणी मुरले की वाहनाच्या चाकाखाली खडी सुटते आणि बुजवलेला खड्डा तेथेच पुन्हा पडतो. सात किलोमीटरसाठी शेतकऱ्याला एवढी कागदपत्रे गोळा करावी लागतात हे मला मनापासून खटकते. प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही टोकांना त्याचा दर्जा, क्रमांक, सांभाळणारे कार्यालय आणि हमीची तारीख लिहिलेला एक पत्रा लावला असता तर आपल्या पत्रातील निम्मे हेलपाटे वाचले असते.

प्रश्न : आमच्या वसाहतीत साठेक बंगले आणि तीन इमारती आहेत. तीस वर्षांपूर्वी विकसकाने केलेला अंतर्गत रस्ता आता चाळणीसारखा झाला आहे. महापालिका रस्ता खासगी असल्याचे सांगते, परंतु घरपट्टी आम्ही नियमित भरतो, आणि मागील वर्षी याच रस्त्यावर नळ व गॅसच्या वाहिनीसाठी परवानगी देऊन खोदकाम करण्यात आले. रस्ता खासगी असेल तर परवानगी कशी दिली, आणि सार्वजनिक असेल तर दुरुस्ती का होत नाही?
(वसाहतीच्या समितीचे एक सदस्य, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : महापालिकेचे आवश्यक कर्तव्य सार्वजनिक रस्त्यांपुरते आहे. मुंबईसाठी 1888 च्या अधिनियमातील कलम 61, इतर महापालिकांसाठी 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम 63 आणि नगरपरिषदांसाठी 1965 च्या अधिनियमातील कलम 49 यांत हे कर्तव्य सांगितलेले आहे. निधी नाही म्हणून ते टाळता येत नाही. परंतु घरपट्टी भरल्याने रस्ता सार्वजनिक ठरत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. आपला रस्ता कोणत्या प्रकारचा आहे ते चार कागदांवरून कळेल : मंजूर रेखांकन, शहराचा विकास आराखडा, रस्त्याच्या जागेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि विकसकाने रस्ता महापालिकेला दिला असेल तर त्याची ताबा पावती. विकास आराखड्यात रस्ता दाखवलेला असेल आणि जागा ताब्यात आलेली असेल तर वाद उरत नाही. रेखांकनाच्या मंजुरीत अंतर्गत रस्ते पूर्ण करून महापालिकेकडे सुपूर्द करण्याची अट अनेकदा असते. विकसकाने ती पाळलेली नसते आणि महापालिकेने तिचा पाठपुरावा केलेला नसतो. तशी अट आपल्या मंजुरीपत्रात सापडली तर आपली बाजू फार बळकट होते, म्हणून नगररचना विभागाकडून त्या पत्राची प्रमाणित प्रत सर्वांत आधी मिळवावी.

रस्ता खरोखरच खासगी निघाला तरी मार्ग बंद होत नाही. खासगी रस्त्याची पातळी, फरसबंदी, गटारे व दिवे लगतच्या मालकांकडून करून घेणे आणि तो त्या स्थितीला आल्यावर सार्वजनिक म्हणून जाहीर करणे, यांची तरतूद कायद्यात आहे. मुंबईच्या अधिनियमात ती कलम 305 व 306 मध्ये आहे. सर्व मालकांच्या सह्यांनिशी आयुक्तांकडे रस्ता सार्वजनिक जाहीर करण्याची मागणी करावी. यासाठी एकदा वर्गणी काढून रस्ता नीट करावा लागला तरी त्यानंतरची देखभाल कायमची महापालिकेकडे जाते. मात्र हा व्यवहार लेखी ठरावाशिवाय करू नये. आधी खर्च करून नंतर हस्तांतरणाची वाट पाहत बसलेल्या काही वसाहतींची पत्रे माझ्याकडे आहेत.

खोदकामाचा मुद्दा वेगळा आणि सोपा आहे. वाहिनी टाकणाऱ्याला परवानगी देताना महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आधीच भरून घेते किंवा तो पूर्ववत करण्याची अट घालते. चर कोणी बुजवायचा होता आणि त्याचे पैसे कोणाकडे जमा आहेत, हे परवानगीपत्रावरून समजते. शुल्क महापालिकेने घेतले असेल तर रस्ता खासगी आहे हे सांगून तिला त्या चरापुरते तरी हात झटकता येणार नाहीत. आपल्या पहिल्या अर्जात एवढीच मागणी ठेवावी. ती मान्य होण्याजोगी आहे आणि तिच्या उत्तरातून रस्त्याच्या दर्जाबद्दल महापालिकेची लेखी भूमिकाही हाती येईल.

आपण विचारलेले नाही, तरी शहराच्या कडेला राहणाऱ्या वाचकांसाठी येथे एक गोष्ट नोंदवतो. महापालिकेची हद्द वाढते तेव्हा रस्त्यांचे धनी बदलतात आणि बदलाचा काळ जिकिरीचा असतो. पुणे महापालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली, तेव्हा जे रस्ते जिल्हा परिषदेचे होते ते शहराचे झाले. पण त्या गावांतून जाणारा राज्याचा मार्ग हद्द वाढली एवढ्याने आपोआप महापालिकेचा होत नाही. मुंबईत पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग कित्येक वर्षे शहराच्या मधोमध असूनही महापालिकेकडे नव्हते. ते मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून 2022 मध्ये तिच्याकडे आले. औद्योगिक क्षेत्रातील रस्ते औद्योगिक विकास महामंडळाकडे, पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली यांसारख्या छावण्यांतील रस्ते कटक मंडळाकडे आणि कालव्यालगतचे रस्ते जलसंपदा विभागाकडे असतात, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझे मेहुणे रात्री दुचाकीवरून महामार्गालगतच्या सेवा रस्त्याने येत असता पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पडले. पायाचे हाड मोडले, दोन महिने घरी आहेत, आणि त्यांची रोजंदारी बुडाली. पोलिसांनी निष्काळजीपणे वाहन चालवल्याची नोंद करू का असे विचारले. सेवा रस्ता महामार्गाचा की नगरपरिषदेचा हे कोणी सांगत नाही. भरपाई मागता येते काय आणि कोणाकडे?
(एक वाचक, कोकण)

उत्तर : भरपाई मागता येते, आणि आपण ती मागावी अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुंबई उच्च न्यायालयात 2013 मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांविषयी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेण्यात आली. 2018 च्या निकालात सुस्थितीतील रस्ते मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने सांगितले. त्या आदेशांचे पालन होत नाही हे दिसल्यावर 13 ऑक्टोबर 2025 रोजी न्यायालयाने भरपाईच्या रकमा ठरवून दिल्या. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये आणि जखमी व्यक्तीला दुखापतीच्या स्वरूपाप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे आहेत. ही रक्कम आधी रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेने द्यायची आणि नंतर दोषी ठेकेदार व अधिकाऱ्यांकडून वसूल करायची आहे. खड्डा निदर्शनास आणल्यापासून 48 तासांत त्याची दखल घेण्याचेही त्याच आदेशात सांगितले आहे.

मागणीचा निर्णय एक समिती करते आणि समितीत कोण असेल हे रस्ता कोणाचा यावर ठरते. महापालिकेचा रस्ता असेल तर आयुक्त, नगरपरिषदेचा असेल तर मुख्याधिकारी, महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग असेल तर त्या त्या यंत्रणेचे प्रमुख अधिकारी तीत असतात. दुसरे सदस्य मात्र जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात आणि ते सर्व समित्यांना समान आहेत. रस्त्याचा धनी ठरत नसेल तेव्हा अर्ज दोन्ही यंत्रणांच्या नावे लिहून त्याची प्रत या सचिवांच्या कार्यालयात पोच घेऊन द्यावी, म्हणजे हद्दीच्या वादात अर्ज हरवत नाही. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते.

सेवा रस्त्याबद्दल सांगायचे तर तो महामार्गासाठी संपादन केलेल्या जागेत महामार्गाचाच भाग म्हणून बांधलेला असेल, तर तो महामार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेचा असतो. नगरपरिषदेकडे तो लेखी हस्तांतरित झालेला असेल तरच तिचा. राष्ट्रीय महामार्ग सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी 1956 च्या अधिनियमातील कलम 5 ने केंद्र सरकारवर टाकली आहे, परंतु ते काम केंद्र एकाच यंत्रणेकडून करून घेत नाही. आपल्याकडच्या मुंबई-गोवा महामार्गाचेच उदाहरण घ्यावे : पनवेल ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आणि त्याच्या दक्षिणेचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे देण्यात आले. एकाच रस्त्यावर एका गावातली तक्रार एका कार्यालयात आणि पुढच्या गावातली दुसऱ्या कार्यालयात जाते, म्हणून अपघाताची जागा सांगताना जवळच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा, पुलाचे किंवा मोरीचे नाव आणि गावाचे नाव तिन्ही लिहावे. राष्ट्रीय महामार्गासाठी 1033 हा क्रमांक आहे. त्यावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा, भले खड्डा आता बुजवलेला असो.

पोलिसांच्या प्रश्नाला आपण होकार देऊ नये. अपघात खड्ड्यामुळे झाला असे मेहुण्यांचे म्हणणे आहे, तसा लेखी जबाब द्यावा, जागेचा पंचनामा मागावा आणि त्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली, तेथे दिवा व इशाऱ्याची पाटी होती की नाही याची नोंद करून घ्यावी. रुग्णालयाच्या कागदावर दाखल करतेवेळी सांगितलेले कारण लिहिलेले असते; ते नुसते "दुचाकीवरून पडून" असे असेल तर समितीपुढे साक्षीदार लागतील, म्हणून त्या रात्री ज्यांनी उचलले त्यांची निवेदने आताच घ्यावीत. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम 198अ आले आहे. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड जखमी माणसाच्या हाती येत नाही, तो मोटार अपघात निधीत जातो; म्हणून मेहुण्यांना कायमचे अपंगत्व आले असेल तरच त्या कलमाचा आग्रह धरावा, एरवी आपली शक्ती समितीपुढच्या अर्जावर खर्च करावी.

प्रश्न : गावाजवळच्या रेल्वे फाटकात रुळांच्या दोन्ही बाजूंना रस्ता खचला आहे. ट्रॅक्टरची ट्रॉली दोनदा अडकली. रस्ता जिल्हा परिषदेचा आहे, पण फाटकाच्या आतली दुरुस्ती ती करत नाही. हे योग्य आहे काय?
(एक वाचक, विदर्भ)

उत्तर : होय, या बाबतीत जिल्हा परिषदेचे म्हणणे बरोबर आहे. दोन्ही फाटकांच्या मधला रस्ता रेल्वे सांभाळते, कारण रुळांलगत खोदणे किंवा डांबर टाकणे इतर कोणालाही परवानगीशिवाय करता येत नाही. फाटकाबाहेरचे दोन्ही जोडरस्ते मात्र जिल्हा परिषदेचे. रेल्वेवरील उड्डाणपुलांतही बहुधा रुळांवरचा भाग रेल्वेकडे व चढ-उतार राज्याकडे किंवा पालिकेकडे अशी वाटणी असते. ही वाटणी लोकांना ठाऊक नसली तर काय होते हे 14 मार्च 2019 रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळून माणसे दगावली तेव्हा दिसले. पूल कोणाचा यावर रेल्वे आणि महापालिका यांच्यात सुरुवातीला बोलाचाली झाली आणि नंतर तो महापालिकेचा असल्याचे स्पष्ट झाले. आपण विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे अर्ज करावा, त्यात फाटकाजवळच्या पाटीवरील फाटक क्रमांक, जवळच्या खांबावरील किलोमीटरचा आकडा आणि ट्रॉली अडकल्याच्या दोन्ही तारखा लिहाव्यात, आणि एक प्रत जवळच्या स्थानकाच्या स्टेशन मास्तरांकडे पोच घेऊन द्यावी. ट्रॉली पुन्हा रुळांवर अडकलीच तर अर्जाची वाट न पाहता फाटकवाल्याला तत्काळ सांगावे. गाडी थांबवण्याचा इशारा त्याच्याच हातात असतो.